हँडब्रेक ‘धरला’, ‘चिकटला’ की ‘जाम झाला’?

मडगाव : चवथीच्या आधी गाडी गॅरेजात द्यायची आहे. हँडब्रेक पूर्ण खाली सोडला तरी मागचं डावं चाक मोकळं फिरत नाही. इंग्रजी व्हिडिओत याला ‘सीझ्ड’ केबल म्हणतात. मोबाइलने भाषांतर दिलं ‘जप्त केलेली केबल’, म्हणजे हप्ते थकले म्हणून बँकेने नेली की काय! मेकॅनिकला फोनवर ‘हँडब्रेक धरलाय’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘धरतोय तर बरंच आहे की.’ मराठीत नेमकं काय म्हणायचं?

डिचोली : जाम. एवढंच.

फोंडा : एवढंच नाही हो. काय जाम झालंय ते कुठे कळतं त्यातून? माझ्या मते इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत तिन्हींना तीन शब्दही आहेत, आपण ते एकमेकांत मिसळतो.

पावसात गाडी हँडब्रेक ओढून दोन-चार दिवस उभी ठेवली की ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या, आतल्या बाजूला गंज धरतो आणि लायनर, म्हणजे ब्रेक लावताना त्यावर घासणारी पट्टी, त्याला चिकटतो. सकाळी गिअर टाकून हलकेच पुढे घेतली की ‘टक्’ आवाज येतो आणि चाक सुटतं. हा ‘चिकटला’. बहुतेक वेळा यात केबलचा दोष नसतो.

दुसरा प्रकार तुमचा दिसतो. केबल म्हणजे बाहेरची नळी आणि आतली पीळदार तार, गॅरेजात ज्यांना आउटर आणि इनर म्हणतात. आउटरच्या टोकाचं रबर फाटलं की पाणी आत शिरतं, इनर गंजते, फुगते आणि नळीतच आवळून बसते. लिव्हर ओढताना हाताच्या जोराने ती सरकते, पण सोडल्यावर ड्रममधल्या स्प्रिंगला तिला मागे खेचायची ताकद पुरत नाही. ही केबल ‘जाम’. मला विचाराल तर ‘आखडली’ अधिक बरोबर, कारण ती थोडी हलते, पण परतत नाही. सांधा आखडतो तसंच.

तिसरा शब्द ‘धरून बसलाय’. तो दोषाचा नव्हे, परिणामाचा : गाडी ओढत चालते, उतारावर सोडली तरी पळत नाही, चाक तापतं, जळका वास येतो.

पणजी : ‘धरणे’बद्दल फोंडेकर बाबांना अनुमोदन. ‘ब्रेक चांगला धरतो’ ही स्तुती, ‘ब्रेक धरून बसलाय’ ही तक्रार. एका ‘बसणे’ने अर्थ उलटा होतो. फेरीबोटीत गाडी चढवताना मला पहिला हवा असतो, उतरताना दुसरा नको असतो.

मडगाव : पण माझी केबल आखडलीय की ड्रमच्या आत काही अडकलंय, हे ओळखायचं कसं?

फोंडा : सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक सोडा, चाकाजवळ केबल ज्या छोट्या दांड्याला अडकवलेली असते तिथून ती काढा. दांडा हाताने हलून परत जागेवर आला आणि चाक मोकळं झालं तर दोष केबलचा. दांडाच हलत नसेल तर ड्रम उघडावा लागेल. काही गाड्यांत केबल ड्रमच्या आतच अडकवलेली असते, तिथे आधी ड्रम काढल्याशिवाय काही दिसणार नाही.

डिचोली : गंज सोडवायचं तेल मारा, सुटेल.

फोंडा : सुटेल, आणि पुढच्या पावसात परत आखडेल. आतला गंज तेलाने जात नाही, शिवाय तेल ओघळून लायनरवर गेलं तर ब्रेकच लागणार नाही. केबल बदलणं हाच उपाय. पुष्कळ गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते. एक गंजली म्हणजे दुसरीनेही तेवढंच पाणी प्यायलेलं असतं, तेव्हा जोडीच घ्या. नवी घातल्यावर आधी ड्रममधले लायनर सेट करायचे, मग केबलचा ताण. उलट केलं तर लिव्हर वरपर्यंत येते आणि लोक नव्या केबलला नावं ठेवतात.

काणकोण : ताण किती, हे ‘खटक्यां’त, म्हणजे लिव्हर ओढताना होणाऱ्या कट्-कट् आवाजांत, सांगतात, तो शब्दही यादीत घ्या. किती खटक्यांवर ब्रेक धरला पाहिजे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या गोव्यात गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. घराच्या उतारावर मात्र हा सल्ला नको.

मडगाव : मेकॅनिकला असं लिहून पाठवलं : ‘हँडब्रेक सुटत नाही, मागचं डावं चाक धरून बसतं, केबल आखडल्याचा संशय, ड्रमही बघा.’ त्याचं उत्तर आलं : ‘केबल सीझ. घेऊन या.’

डिचोली : बघा, जाम म्हणाला असता तरी चाललं असतं.