१२ एमएम एफ/२ मॅन्युअल लेन्स: ऑटोफोकस नसल्यानं नक्की काय अडतं?

डोंगरवेडा

दर उन्हाळ्यात एकच प्रश्न फिरून येतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आहे, भंडारदऱ्याला किंवा हरिश्चंद्रगडावर जाऊन आकाशगंगा टिपायचीय, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर भागत नाही, काय घेऊ? मी दरवेळी सॅमयांगची १२ एमएम एफ/२ सुचवतो आणि दरवेळी कुणीतरी "पण ऑटोफोकस नाही ना राव" म्हणत नाक मुरडतं. एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही कोरियन कंपनी, लेन्स आली २०१४ मध्ये. वजन पाव किलोच्या आसपास, पुढे ६७ एमएमचा साधा फिल्टर बसतो, २० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. अ‍ॅपर्चरची रिंग (उजेड आत येणारं भोक लहान-मोठं करणारी) लेन्सवरच. बॉडीशी विजेचा संबंध शून्य. २०२१ मध्ये त्याच कंपनीनं १२ एमएम एफ/२ ऑटोफोकससह काढली, तेव्हापासून जुनीला म्हातारी समजून बाजूला सारायची फॅशन आलीय.

माझं म्हणणं असं, की एवढ्या रुंद लेन्सला ऑटोफोकस हा चोचला आहे. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. किट लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ देते. एफ/२ वर तिच्या तिप्पट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे २००० च्या आसपास काम होतं. पैसे मोजायचे ते ह्यासाठी. फोकसचं म्हणाल, तर ३.६ मीटरवर ठेवा आणि विसरा: एफ/२ वरसुद्धा १.८ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/८ वर ९० सेंटीमीटरला ठेवलंत तर अर्ध्या मीटरच्याही अलीकडून सगळं आलं. मोटर फोकस शोधत घर्रघर्र करत बसेल तोवर माझे चार फोटो झालेले असतात.

शिवाय ही रिंग खरोखरची आहे. फिरवली की आतल्या काचा सरकतात. आजकालच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग म्हणजे मोटरला दिलेला नुसता निरोप. कॅमेरा झोपून उठला की फोकस होता तिथेच असेल ह्याची बऱ्याच बॉडींवर खात्री नाही. इथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला की पहाटेपर्यंत चिंता नाही.

पिक्सेलमोजणी

३.६ मीटर हा आकडा फेकलास, पण तो आला कुठून ते गाळलंस. सांगतो. १२ चा वर्ग १४४, त्याला २ गुणिले ०.०२ नं भागलं की ३६०० मिलिमीटर. ह्यातला ०.०२ मिलिमीटर म्हणजे "एवढा धूसर ठिपका चालवून घेऊ" अशी मुभा. ही मुभा हातात धरून बघायच्या छोट्या प्रिंटसाठी ठरवलेली आहे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिलिमीटरचा. म्हणजे तुझ्या "फोकस ठेवा आणि विसरा" पद्धतीत अनंतावरचा प्रत्येक तारा पाच पिक्सेलचा भोपळा होणार. ४० मेगापिक्सेलवर साडेसहा.

खरी मेख इथे आहे. एफ/८ वर तू म्हणतोस ते सगळं खरं, पण एफ/८ साठी कुणी एफ/२ ची लेन्स घेत नाही. ती घ्यायची उघडी ठेवून वापरायला, आणि उघडी ठेवली की नेमका हाच "वाइडला फोकस लागत नाही" वाला फायदा पातळ होतो. एका मीटरवरच्या माणसावर फोकस केलास तर एफ/२ ला ७८ सेंटीमीटर ते १.३८ मीटर एवढाच पट्टा हाती लागतो, आणि तोही तीच ढिली मुभा धरून.

मांडववाला

+१. पोटापाण्यासाठी लग्नं करतो म्हणून सांगतो. संगीताच्या फ्लोअरवर नवरी नाचत नाचत पाऊण मीटर पुढे येते, मागून करवल्या, वरून जांभळे दिवे. त्या उजेडात पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवण्याच्या सोयीच्या) लाल रेषा सगळीकडेच चमकतात, कशावर विश्वास ठेवायचा? डोळ्यावर चिकटणारा ऑटोफोकस असलेली १३ किंवा १६ ची एफ/१.४ लावतो आणि माझं लक्ष फ्रेमकडे राहतं. वऱ्हाडातली आत्या "परत एकदा नाचते हां" म्हणत थांबत नाही.

अजून एक. मॅन्युअलवाली लावली की फाइलमध्ये अ‍ॅपर्चरची नोंद नाही, लेन्सचं नाव नाही, लेन्सच्या दोषांचं करेक्शन आपोआप लागत नाही. बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर फोकल लेंग्थ हातानं भरायची. भरली नाही तर तो आधी भरलेल्या आकड्याच्या हिशोबानं हलतो आणि चांगला फोटो बिघडवतो. दोन हजार फोटो द्यायचे असतात तेव्हा ह्या बारीकसारीक गोष्टी डोकं उठवतात.

डोंगरवेडा

मांडववाले, लग्नाचा मुद्दा मान्य, वादच नाही. चालत्या माणसावर पोट असेल तर ही लेन्स घेऊ नका.

पिक्सेलमोजणी, ताऱ्यांसाठी ३.६ मीटर मी म्हटलंच नव्हतं रे. तो गल्लीबोळ, वाडे, मिरवणुकीचा आकडा. ताऱ्यांसाठी रीत वेगळी. एखादा ठळक तारा धरायचा. एप्रिल-मेमध्ये स्वाती किंवा चित्रा वर असतात, उशिरा आग्नेयेला ज्येष्ठा येते आणि तिच्या मागोमाग आकाशगंगेचा गाभा. स्क्रीनवर तारा पूर्ण मोठा करायचा आणि रिंग केसभर पुढेमागे करत तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबायचं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबायचं नाही. रिंग त्या खुणेच्या थोडी पुढेही जाते, सुरुवातीला सगळे तिथेच फसतात. तारा बारीक होत होत पुन्हा फुगायला लागला की एक पाऊल मागे. मग चिकटपट्टी.

पिक्सेलमोजणी

अगदी बरोबर. आता सांग, ह्यातलं ऑटोफोकस लेन्सवर काय जमत नाही? मॅन्युअलवर टाक, मोठं करून बघ, तेच. शिवाय ऑलिंपसच्या ई-एम१ मार्क ३ नं २०२० मध्ये थेट ताऱ्यांवर ऑटोफोकस आणला. आणि हातानं फोकस करायची इतकी हौस असेल तर फुजीची १४ एमएम एफ/२.८ बघ. रिंग मागे ओढली की अंतराच्या खुणा आणि दोन्ही टोकांना अडकणारा थांबा, पुढे ढकलली की ऑटोफोकस. एकाच लेन्समध्ये दोन्ही. तुझ्या लेन्सकडे दुसरा पर्यायच नाही, आणि तू तोच गुण म्हणून सांगतोयस.

डोंगरवेडा

पण ती एफ/२.८! निम्मा उजेड गेला की. आणि किंमत बघितलीस का?

खगोलकट्टा

दोघेही एफ आकड्यावर भांडताय. तारा हा ठिपका आहे. त्याच्यासाठी मोजायचं ते उजेड आत घेणाऱ्या भोकाचा व्यास. १२ ला २ नं भागा: ६ मिलिमीटर. सिग्माची १६ एमएम एफ/१.४ घ्या: ११.४ मिलिमीटर. क्षेत्रफळात साडेतीन पटींहून जास्त फरक. म्हणजे त्याच वेळात प्रत्येक ताऱ्याचा साडेतीनपट उजेड. आकाशगंगेचा पसरट, दुधी उजेड मात्र एफ आकड्यानंच ठरतो, तिथे फरक दुपटीचा. ती लेन्स ४०५ ग्रॅमची आहे, ऑटोफोकसची आहे, २०१७ पासून बाजारात आहे. आडव्या फ्रेममध्ये १२ एमएम ८९ अंश दाखवते, १६ एमएम ७३. कमी पडलं तर दोन फ्रेम जोडा.

आपल्या अक्षांशाला एक गोष्ट पथ्यावर पडते. आकाशगंगेचं केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. १९ उत्तर अक्षांशावरून, म्हणजे साधारण भंडारदऱ्याच्या आसपासहून, ते दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत वर येतं. लंडनहून जेमतेम साडेनऊ. तिथल्या लोकांचे सल्ले वाचून लेन्स निवडू नका. गाभा आणि खालचा कडा एका फ्रेममध्ये हवा असेल तर आपल्याला उंचीकडेही ऐसपैस दृश्यकोन लागतो, आणि १२ एमएम आडवी धरली तरी उभ्यात ६६ अंश देते. हा मुद्दा डोंगरवेड्याच्या बाजूचा.

आता वेळ. "५०० चा नियम" (ताऱ्यांची रेघ न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल त्याचा ठोकताळा) म्हणतो ५०० भागिले १८ (एपीएस-सीवर १२ ची दीडपट), म्हणजे सुमारे २८ सेकंद. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं, आणि २४ मेगापिक्सेलवर ह्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे ६७ विकला. २८ सेकंदांत तारा सहा पिक्सेल सरकतो, म्हणजे ठिपका नाही, रेघ. १५ सेकंदांच्या वर जाऊ नका. वेळ निम्मी केली की उजेड निम्मा, म्हणून एफ/२ हवाच, चैन म्हणून नाही. तरी पुण्या-मुंबईच्या उजेडात उभं राहून एफ/२.८ ऐवजी एफ/२ लावलात तर तारे दुप्पट उजळ आणि आकाशाची पिवळट झाकही दुप्पट. कॉन्ट्रास्ट तसूभर वाढत नाही. आधी पेट्रोलवर खर्च करा, मग लेन्सवर.

रानवेडी

सगळी चर्चा ताऱ्यांभोवतीच फिरतेय म्हणून जरा खाली उतरते. मे संपता संपता राजमाची, पुरुषवाडीकडे काजवे लागतात, तिथला हिशोब वेगळा आहे. काजवा क्षणभर चमकतो. शटर ३० सेकंद उघडं ठेवा नाहीतर पाच मिनिटं, त्या एका चमकेचा उजेड तेवढाच. वेळ वाढवली की चमका मोजायला जास्त मिळतात, पण एकेक चमक ठळक होते ती अ‍ॅपर्चर आणि आयएसओनंच. एफ/३.५ आणि एफ/२ मधला फरक इथे जितका उघडा दिसतो तितका कुठेच नाही. फोकस संधिप्रकाशात झाडाच्या खोडावर करून ठेवायचा आणि मग दोन-तीन तास रिंगला हात लावायचा नाही. अंधार पडल्यावर कुठलाही ऑटोफोकस झाडावर बसत नाही, आणि बसवायला टॉर्च मारलात तर बाजूचे शिव्या घालतात. घालायलाच हव्यात. काजव्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला साद आहे, तुमच्या झगझगाटात ती हरवते. फोकस-असिस्टचा तो नारिंगी दिवासुद्धा बंद ठेवा!

लेण्यांमध्येही हीच लेन्स नेते. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाईला परवानगी काढावी लागते, म्हणजे सगळं हातात धरून. १२ एमएमला १/१५ सेकंद श्वास रोखून जमतं. एफ/२ वर फ्रेमचे कोपरे काळवंडतात हे खरं, पण लेण्याच्या कोपऱ्यात तसाही काळोखच असतो. आणि भाज्याच्या चैत्यगृहात खांब काही नाचत पुढे येत नाहीत, मांडववाले. :)

मांडववाला

ताई, खांब नाचले तर पहिला फोन मला करा.

पिक्सेलमोजणी

काजव्यांचं पटलं. संधिप्रकाशात लावलेला फोकस तसाच टिकायला हवा, आणि तिथे खऱ्या रिंगला तोड नाही. एवढं एक काम मी डोंगरवेड्याच्या खात्यावर लिहितो.

बाकी जागच्या जागी. रुंद आणि उघड्या लेन्समध्ये कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. ह्या १२ मध्ये ते तुलनेनं कमी हेही मान्य, पण कोपऱ्यांत आहेतच. एफ/२.८ वर नेलं की सुधारतात, आणि मग तोच एफ/२.८ ज्याला डोंगरवेडा वर "निम्मा उजेड गेला" म्हणून हसला.

डोंगरवेडा

जायचं की नाही ते मी ठरवतो ना. कोपऱ्यात कडा आणि झाडं असतील तर एफ/२, पूर्ण आकाश असेल तर एफ/२.८. ज्या लेन्सची सुरुवातच २.८ ला होते ती हा पर्याय देत नाही. शिवाय २.८ ला आणलेली २ ची लेन्स आणि २.८ ला सताड उघडी लेन्स ह्यांचे कोपरे शेजारी ठेवून बघ एकदा.

नवखा

मी वाचतोय सगळं. माझ्याकडे सोनी ए६४०० आणि १६-५० ची किट लेन्स आहे. ट्रेक, थोडं घरचं, गणपतीत मिरवणूक. एका दुकानात जुनी मॅन्युअल १२ लावून बघितली तर शटरच दाबलं जाईना. लेन्स खराब होती का?

मांडववाला

नाही रे. विजेचा संबंध नसल्यानं बॉडीला वाटतं लेन्सच नाही. मेनूत "लेन्सशिवाय शटर" चालू करायचं असतं, फुजीतही असंच आहे. पण घरचं आणि मिरवणूक म्हणालास ना? पोरं, ढोल, गुलाल. ऑटोफोकसवाली १२ घे, वजनालाही हलकीच आहे.

डोंगरवेडा

मिरवणुकीत एफ/५.६, फोकस दीड मीटरवर, दिवसा सगळं येतं. रात्री विसर्जनाला मांडववाले म्हणतात ते खरं, पण त्यासाठी तुझी १६-५० पण निरुपयोगीच आहे. वर्षातून किती रात्री डोंगरावर असतोस ते सांग आधी.

नवखा

दोन-तीन. पावसाळ्यात जास्त जातो, पण तेव्हा आकाश कुठे दिसतंय.

खगोलकट्टा

मग १६ एमएम एफ/१.४. घरातही चालेल.

रानवेडी

१६ नं लेण्यात भिंतीला पाठ लावूनही अर्धं चैत्यगृह बाहेर राहतं. १२ च घे, कुठलीही.

पिक्सेलमोजणी

जुनी घेणार असशील तर, मॅन्युअल असो की ऑटो, एक काम कर. माझ्याकडे एक जुनी वाइड होती (कंपनीचं नाव नको), तिची उजवी कड कायम मऊ यायची, आतली काच तिरकी बसलेली. म्हणून दुकानाबाहेर ये, लांबवरचा एक दिवा किंवा पाटी आळीपाळीनं चारही कोपऱ्यांत ठेवून एफ/२ ला चार फोटो काढ आणि मोठे करून बघ. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव, एकच वेगळा असेल तर परत कर. मग काचेतून आरपार मोबाइलचा टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कोकण-मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये सर्रास असते. अशी लेन्स निम्म्या किमतीतही घेऊ नकोस.