मदत हवी आहे: पावसाळ्याआधी फायबरची बोट उचलून दिवाळीपर्यंत कोरड्यावर ठेवायचीये (हतनूर बॅकवॉटर)

पूर्णाकाठ:
राम राम मंडळी. तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आम्हा काही मित्रांची मिळून एक फायबरची बोट आहे, १६ फुटी, वरून उघडी, मागे १५ एचपीचं टू स्ट्रोक इंजिन. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात त्यांना फिरवतो, बाकीच्या दिवसांत पलीकडच्या काठावरच्या शेतात माणसं नि खताच्या गोण्या न्यायचं काम चालतं. आता मे संपत आला आणि पाऊस लागायच्या आत तिला बाहेर काढायचं सगळ्यांचं ठरलंय, कारण इकडच्यांना माहितीये, बऱ्हाणपूरकडे नाहीतर वर पूर्णेच्या पट्ट्यात जोराचा पाऊस झाला की इथं ऊन असलं तरी पाणी येतं, धरणाचे ४१ दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडतात आणि आजचा काठ उद्या काठ राहत नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावातली एक बोट बाभळीला बांधून ठेवलेली, दोर शेवटपर्यंत पक्का राहिला पण नुसत्या पावसाच्या पाण्यानेच आतून भरत गेली आणि इंजिनाच्या वजनाने मागून बुडाली. तसं आमच्या बोटीचं होऊ द्यायचं नाहीये, तिच्यावर दोन घरांचा हिवाळा चालतो.

काठाला सगळीकडे गाळ आहे, फक्त धरणाच्या आधीचा जुना डांबरी रस्ता एका ठिकाणी पाण्यात उतरतो, तिथपर्यंत हायड्रा (चाकांची फिरती क्रेन) येऊ शकतो. हायड्रावाला म्हणतो साखळी टाकतो नि पाच मिनिटांत वर घेतो. दुसरे म्हणतात हायड्राचं भाडं कशाला, ट्रॅक्टरला दोर लावून ओढा. दोन्ही ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. तर बेल्ट नेमका कुठं लावायचा, खाली टेकू कशाचा द्यायचा (ठेवायची जागा म्हणजे केळीच्या शेताकडेचा मोकळा तुकडा, काळी माती), आणि इंजिन, पेट्रोल, बॅटरी यांचं काय करायचं? व्हिडिओ पाहिले तर सगळे परदेशातले, बर्फाच्या तयारीचे, अँटिफ्रीझ ओता वगैरे. त्यातलं आपल्याला काय लागू आहे तेच समजत नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरूर सांगा.

भुसावळ_फॅब्रिकेशन:
भाऊ, साखळी अजिबात नको. ओढणं तर त्याहून वाईट, डांबराच्या खडीवरून ओढली की तळाचा वरचा थर खरवडून निघतो, आतला काचेचा धागा उघडा पडतो आणि मग तिथून पाणी मुरतं. हायड्राच लावा पण रुंद कापडी बेल्ट घ्या, दोन.

हायड्रा १२-१४ टनाचा असतो, त्याच्यापुढे तुमच्या बोटीचं वजन काहीच नाही, म्हणून तो म्हणतो पाच मिनिटांत उचलतो. त्याचं बरोबर आहे पण प्रश्न वजनाचा नाही, दाबाचा आहे. दोन्ही बेल्ट एकाच हुकात घातले की वर जाताना ते आत झुकतात आणि बोटीचे काठ दोन्हीकडून आत दाबतात, उघड्या बोटीला वर डेक नसतो त्यामुळे काठ वाकतो नाहीतर तडकतो. बेल्ट जितका आडवा तितका ताण वाढतो. जमिनीशी ६० अंशांचा कोन असेल तर दोन बाजूंपैकी प्रत्येकीवर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, तोच ३० अंशांवर आला की प्रत्येकीवर पूर्ण वजनाएवढा. म्हणून बेल्ट लांब घ्यायचे, आणि बोटीच्या रुंदीपेक्षा थोडे लांब असे दोन जाड पाइप वर आडवे टाकून बेल्ट त्यांच्या टोकांवरून खाली सोडायचे, म्हणजे ते सरळ उभे उतरतात आणि काठ दबत नाही.

इंजिन आधी काढून घ्या, पेट्रोलची टाकी, नांगर, सगळं बाहेर. आतलं पाणी पूर्ण उपसा, १ लिटर म्हणजे १ किलो, आणि ते पाणी नुसतं वजन नाही, बोट जरा कलली की सगळं एका बाजूला धावतं आणि बेल्ट सरकतो. पुढचा बेल्ट टोकाच्या निमुळत्या भागावर घेऊ नका, तो हमखास पुढे निसटतो. पुढचा नि मागचा बेल्ट दोन्ही काठांवरून दोरीने एकमेकांना बांधा. आधी वीतभरच उचलायला सांगा, थांबा, कुठं झुकते ते बघा, नाहीतर परत पाण्यात ठेवून बेल्ट सरकवा. पुढे-मागे एकेक लांब दोरी धरायला माणूस, बोटीखाली कोणीच नाही.

आणि वर बघा आधी. काठाला शेतीपंपाच्या तारा कुठून कशा गेल्यात ते हायड्रा बोलवायच्या आदल्या दिवशीच बघून या. बूम (हायड्राचा लांब हात) तारेजवळ जाणार असेल तर लाईन बंद करून घ्या नाहीतर ती जागाच सोडा.

अमळनेर_ते_स्वीडन:
मी मूळचा अमळनेरचा, नोकरीमुळे स्वीडनमध्ये. इथं शरद ऋतूत क्लबच्या बोटी एकेक करून क्रेनने वर घेतात, सभासद स्वतःच राबतात, मीही जातो. तुम्ही व्हिडिओत जे पाहिलं ते का करतात ते सांगतो म्हणजे तुम्हालाच गाळता येईल. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा पंपात राहिलेलं पाणी लोखंड फोडतं, म्हणून अँटिफ्रीझ. आपल्याकडे जळगावात कितीही थंडी पडली तरी तो प्रश्न नाही, तेवढा खर्च वाचवा. बाकी जवळपास सगळं लागू आहे.

इथं सगळ्यात जास्त काळजी टेकूची घेतात आणि तीच तुम्ही घ्या. बोटीचं वजन तळाच्या मधल्या कण्यावर बसलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त कलू नये म्हणून असतात, त्यांच्यावर भार आला की फायबर तिथं हळूहळू आत जातं, आणि चार महिन्यांत बसलेला तो खळगा परत सरळ होत नाही. बाजूचे टेकू आतल्या आडव्या फळीच्या किंवा बाकाच्या रेषेत द्या, तिथं बोट मजबूत असते, आणि टोकाशी जुन्या चटईचे तुकडे लावा.

दुसरं, बोट वर आली की लगेच, ओली असतानाच, तळ धुवा. गाळ नि शेवाळ वाळलं की खरवडूनच काढावं लागतं.

सारंगखेडा_तापी:
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नावा आहेत, त्यामुळे एक सांगतो भो, गावातली जुनी माणसं तुम्हाला सांगतील की नाव पार वाळू देऊ नका, ओली ठेवा. ते लाकडासाठी खरं आहे, फळ्या उन्हात आकसतात नि फटी पडतात, पाण्यात टाकल्यावर फुगून मग फटी बसतात. फायबरला उलट आहे. ती जितकी वाळेल तितकं चांगलं.

पण मला तुमच्या काळ्या मातीची जास्त काळजी वाटते. आता मेमध्ये तिला हात हात भेगा आहेत आणि ती दगडासारखी कडक आहे, तुम्ही टेकू लावाल, छान बसेल. जुलैत तीच माती फुगते, मऊ होते, एका बाजूचा ठोकळा धसतो आणि सगळा भार दुसऱ्या बाजूच्या टेकूवर जातो, म्हणजे वरच्या भाऊंनी सांगितलं नेमकं तेच होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही कारण पावसात तिकडे कोणी फिरकत नाही. तेव्हा आधी मुरूम टाकून चोपून घ्या, त्याच्यावर फरशा, मग लाकडी ठोकळे. भुसावळला भंगारात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर सोनंच. टायर वापरू नका, त्यात पाणी साचतं नि डास होतात, डेंग्यूचं घर. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर जाऊन ठोकळे बघायचेच.

पुढचं टोक थोडं वर ठेवा आणि मागचं बूच काढून ठेवा. आत गेलेलं पाणी आपोआप निघून गेलं पाहिजे, ताडपत्रीवर भरवसा ठेवू नका. भोकाला बारीक जाळी लावा, उंदीर नि साप दोन्ही येतात. बूच इंजिनाच्या दोरीलाच बांधून ठेवा.

इंजिन_मेस्त्री_चोपडा:
इंजिनाचं माझ्याकडून. ड्रममध्ये स्वच्छ पाणी घेऊन चालवा, तापीच्या पाण्यात मीठ नाही पण गाळ खूप आहे, पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबर तोच खातो. चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा, कार्ब्युरेटर कोरडा पडून आपोआप बंद होऊ द्या. ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत राहिलं की उडून जातं नि मागे चिकट थर राहतो, वरून आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं. टाकी रिकामीच ठेवा. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग परत लावा. खालच्या गिअरचं ऑइल आत्ताच काढून बघा, दुधासारखं पांढरट आलं तर सील गेलंय, पाणी शिरतंय, आत्ताच बदला म्हणजे हिवाळ्यात खोळंबा होणार नाही. इंजिन उभंच टांगा, आडवं टाकलं तर राहिलेलं पाणी सिलिंडरकडे जातं. बॅटरी घरी न्या, १२.६ व्होल्टच्या खाली येऊ देऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ती पडून पडूनच उतरते.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या मातीचं तर आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच मुरूमाची ट्रॉली सांगतो. हायड्रावाल्याशी बोललो, तो कापडी बेल्ट आणायला तयार आहे पण आडवे पाइप त्याच्याकडे नाहीत. अजून दोन गोष्टी विचारायच्यात. ताडपत्री घट्ट गुंडाळायची का मधे बांबू लावून उतरती करायची? आणि लाइफ जॅकेट बोटीतच राहिली तर चालतील का?

अमळनेर_ते_स्वीडन:
बांबू लावून उतरतीच करा, सपाट ताडपत्रीवर पाणी साचून तीच बोटीवर बसते. दोन्ही टोकांना हवा खेळू द्या, घट्ट गुंडाळली तर आत बुरशी येते. जॅकेट घरी न्या, साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवून टांगा, उन्हात कापड कुजतं नि बोटीत ठेवली तर उंदीर आतला फोम खातील.

भुसावळ_फॅब्रिकेशन:
पाइपांचं टेन्शन घेऊ नका, माझ्या शेडमध्ये जाड पाइप पडलेत, टोकांना बेल्ट अडकायला पट्ट्या वेल्ड करून देतो. बोटीची रुंदी सगळ्यात रुंद जागी मोजून इथंच टाका, आणि कुठल्या दिवशी उचलताय तेही सांगा, जमलं तर मी येतो.