टीव्हीवर चित्र दिसतं, आवाज येत नाही

आईच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्हवर दिलंय, एमओव्ही फाइल आहे. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये सगळं व्यवस्थित. स्मार्ट टीव्हीवर चित्र स्वच्छ, पण आवाज नाही. आईला छोट्या स्क्रीनवर नीट दिसत नाही आणि मावशीने गायलेल्या ओव्या तिला ऐकायच्याच आहेत. टीव्ही बदलावा लागेल का?

उत्तर: अजिबात नाही. एमओव्ही हा नुसता डबा. आत चित्र एका कोडेकमध्ये (म्हणजे साठवण्याच्या पद्धतीत), आवाज दुसऱ्यात. तुमचं चित्र बहुधा एच.२६४ या कोडेकमध्ये, ते टीव्हीला कळतंय. व्हीएलसीत टूल्समध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडून ऑडिओसमोर काय लिहिलंय ते सांगा.

प्रश्नकर्ती: पीसीएम एस२४ एलई.

उत्तर: सापडलं! हा २४ बिटचा कच्चा, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला आवाज. एडिटिंगला उत्तम, पण अनेक टीव्हींचे प्लेअर तो वाचत नाहीत. कृपा करून अख्खा व्हिडिओ कन्व्हर्ट करू नका, हँडब्रेकसारखा कन्व्हर्टर चित्रही पुन्हा एन्कोड करतो, त्यात दर्जा घटतो. एफएफएमपेग या प्रोग्रामने चित्र जसंच्या तसं कॉपी करा, फक्त आवाज टीव्हींना सहसा कळणाऱ्या एएसी कोडेकमध्ये करा आणि एमपी४ मध्ये ठेवा. चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. मूळ फाइल मात्र जपा.

दुसरं उत्तर: नवी फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसणार नाही. मोठ्या फाइल चालणारा एक्सफॅट फॉरमॅट टीव्ही वाचतो का, मॅन्युअलमध्ये बघा. तोवर लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, काकूंना ओव्या आजच ऐकवा.