ईक्यू५ + ऑनस्टेप: पहिला गोटू अर्धा तास चुकतो, मेरिडियनपलीकडे पुन्हा चुकतो, ट्रॅकिंगही लहरी

मृगशीर्ष_१५०

दुर्बिणीच्या हाताने फिरवायच्या ईक्यू५ माउंटवर ऑनस्टेप (मोटरींनी माउंट आपोआप फिरवणारी नियंत्रण प्रणाली) बसवलंय. ईएसपी३२ चा बोर्ड, टीएमसी२२०९ ड्रायव्हर, दोन्ही अक्षांवर (आरए म्हणजे पूर्व-पश्चिम, डेक म्हणजे उत्तर-दक्षिण) नेमा १७ मोटर (०.९ अंश, म्हणजे फेरीला ४०० स्टेप), जीटी२ पट्टा १६:४८, ३२ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ३२ भाग), पुरवठा १२ व्होल्ट. स्टेप्स पर डिग्री १५,३६० आणि स्टेप्स पर वर्म रोटेशन (वर्म म्हणजे दातेरी चाक फिरवणारा आटेदार दांडा) ३८,४०० दिलेत. नळी १५० मिमी न्यूटोनियन, फोकल लांबी ७५० मिमी, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉन. जागा पुण्याजवळची.

अडचणी चार:

१) होमवरून (सुरुवातीच्या ठरलेल्या स्थितीतून) पहिला गोटू (ताऱ्याकडे आपोआप जाण्याचा हुकूम) रोहिणीला दिला की दुर्बीण ताऱ्याच्या पश्चिमेला थांबते. बटणांनी तारा मध्यात आणला की विषुवांशात (आरएत) जवळपास अर्ध्या तासाचा फरक दिसतो. दर वेळी तेवढाच.
२) रोहिणीवर सिंक केल्यावर (तारा मध्यात आणून माउंटला तीच त्याची जागा असं सांगितल्यावर) कृत्तिका, मृगातला तेजोमेघ अचूक येतात. पण मेरिडियनच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पूर्वेला व्याधाकडे पाठवलं की अर्धा अंश चूक.
३) ६० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या तर तीन-चार गोल, पुढच्या तीन-चार लांबट, परत गोल. गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघून ट्रॅकिंग सतत सुधारणं) अजून नाही.
४) २ अंश/सेकंद वेगाने फिरताना आरए मोटर मधेच घरघरते आणि पुढचं सगळं बिघडतं.

स्टेप्सचा हिशोब चुकलाय का?

वर्मव्हील

हिशोब बरोबर आहे. ४०० × ३२ × ३ × १४४ ÷ ३६० = १५,३६०. ईक्यू५ च्या दोन्ही चाकांना १४४ दात असतात. (ईक्यू३-२ वाल्यांनी हा आकडा उचलू नये, तिथे आरए १३० आणि डेक ६५ आहे.) खात्री करायची तर रोहिणीवर सिंक करून ब्रह्महृदयाला जा. दोन्ही मेरिडियनच्या एकाच बाजूला असताना करा. क्रांतीतला (डेकमधला) फरक साडेएकोणतीस अंशांचा आहे. पुली किंवा मायक्रोस्टेप चुकले असतील तर चूक अंतराच्या प्रमाणात येते आणि काही अंशांची असते, लपत नाही.

पहिली अडचण निव्वळ भारतीय आहे! यूटीसी ऑफसेटमध्ये (स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ म्हणजे यूटीसी यांतला फरक) फक्त तास भरलेत, ३० मिनिटं राहिलीत. अर्धा तास म्हणजे विषुवांशात ७.५ अंश. माउंटला वाटतं यूटीसी अर्धा तास पुढे आहे, म्हणून तो तेवढा पश्चिमेला जातो. शिवाय ऑनस्टेपमध्ये चिन्हं उलटी असतात: यूटीसी ऑफसेट म्हणजे स्थानिक वेळेत काय मिळवलं की यूटीसी येते, म्हणून आपल्यासाठी −०५:३०. रेखांशही पश्चिम धन, पूर्व ऋण, म्हणजे पुण्याला साधारण −७३ अंश ५१ मिनिटं. रेखांशाचं चिन्ह चुकलं असतं तर दुर्बीण आकाशाच्या भलत्याच भागात गेली असती, त्यामुळे ते तुम्ही बरोबर भरलंय. लॅपटॉप जोडत असाल तर त्याचाही टाइमझोन बघा. जोडणी होताना ड्रायव्हर संगणकाची वेळ माउंटवर लिहू शकतो आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते.

सिंक केल्यावर ही चूक झाकली जाते म्हणून बरेच जण ती तशीच सोडतात. सोडू नका. क्षितिजाची मर्यादा आणि मेरिडियन फ्लिप (मेरिडियन ओलांडताना नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला घेणं) त्याच घड्याळावर चालतात. अर्ध्या तासाच्या चुकीने नळी ट्रायपॉडच्या पायाला लागू शकते.

दुसरी अडचण म्हणजे कोन एरर (इंग्रजी cone, शंकू). नळी डेक अक्षाला काटकोनात नाही. एका बाजूला सिंकमध्ये ती मुरते, फ्लिप झाल्यावर दुप्पट होऊन बाहेर येते. अर्धा अंश दिसतोय, म्हणजे मूळ चूक सुमारे १५ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). दोन रिंगांमधलं अंतर २० सेमी असेल तर २०० × ०.००४४ = सुमारे ०.९ मिमी. एका रिंगेखाली तेवढ्या जाडीचा पत्रा घाला.

ध्रुवदर्शक

पत्रा घालण्याआधी एक तपासणी. व्याध चुकला की फक्त आरएची बटणं वापरून तो मध्यात येतो का बघा. आला तर कोन एरर. डेकचीच बटणं लागली तर पत्र्याने काहीही होणार नाही: होमला नळी नेमक्या ९० अंशांवर नव्हती, आणि तीही चूक फ्लिपनंतर अशीच दुप्पट होते. आणि न्यूटोनियन आहे, तर आधी कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं). आरसे नंतर हलवले की प्रकाशीय अक्ष सरकतो आणि पत्र्याचं माप वाया जातं.

या सगळ्याच्या आधी पोलर अलाइनमेंट (माउंटचा आरए अक्ष ध्रुवाकडे रोखणं). आपल्याकडे ध्रुव साडेअठरा अंशांवर, बहुतेक वेळा धुरकटात किंवा डोंगराआड. त्या उंचीवर वातावरणीय अपवर्तनच सुमारे ३ कलांचं असतं. नीना या संगणक प्रोग्रॅमचं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट प्लगिन वापरा, त्याला ध्रुव दिसावा लागत नाही. १० कला चूक राहिली तर क्रांतीत जास्तीत जास्त मिनिटाला २.६ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरक येते, तुमच्या सेटअपला अडीच पिक्सेल.

प्लेट सॉल्व्ह करून (फोटोतल्या ताऱ्यांवरून जागा ओळखून) सिंक करणार असाल तर माउंटचा एपॉक (निर्देशांक कोणत्या वर्षाचे धरलेत ते) बघून घ्या. सॉल्व्हर जे२००० चे (सन २००० चे) निर्देशांक देतो, माउंटला आजचे हवे असतात. परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो त्यामुळे) पंचवीस वर्षांत सुमारे २१ कलांचा फरक पडलाय.

वर्मव्हील

डेकचा मुद्दा मान्य, माझ्याकडून सुटला होता.

आता फ्रेम. "तीन-चार गोल, तीन-चार लांबट" हे वर्मच्या पीरियॉडिक एररचं (दर फेरीला तशीच परत येणाऱ्या चुकीचं) लक्षण आहे. वर्मची फेरी ८६,१६४ ÷ १४४ = ५९८ सेकंदांची. समजा एरर ±२० विकला आहे. मधल्या भागात ती सेकंदाला ०.२१ विकलेने बदलते, म्हणजे ६० सेकंदांत साडेबारा विकला. तुमचं प्रमाण १.०३ विकला प्रति पिक्सेल, म्हणजे बारा पिक्सेलची रेघ. दोन्ही टोकांना वेग शून्याजवळ असतो, तिथल्या फ्रेम गोल.

पीएचडी२ मध्ये (गायडिंगचा प्रोग्रॅम) गायड आउटपुट बंद ठेवून किमान २० मिनिटांचा लॉग घ्या आणि लॉग व्ह्यूअरमध्ये आवर्तनं बघा. ५९८ सेकंदांचं शिखर वर्म किंवा ४८ दाती पुलीचं. १९९.५ सेकंदांचं मोटरवरच्या पुलीचं, बहुधा भोक मधोमध नसतं, पुली बदला. १२.५ सेकंदांचं पट्ट्याच्या दातांचं. हे शेवटचं गायडिंगला जड जातं, त्यासाठी एक्स्पोजर दीड-दोन सेकंदांच्या वर नेऊ नका.

पीईसी (वर्मची चूक नोंदवून माउंटने ती आपोआप भरून काढणं) रेकॉर्ड करता येईल, पण वर्मची जागा ओळखणारा इंडेक्स सेन्सर नसेल तर प्रत्येक वेळी पार्क करूनच (ठरलेल्या जागी थांबवूनच) वीज बंद करावी लागते. एकदा विसरलात की वक्र भलत्या जागी लागतो आणि ट्रॅकिंग आणखी बिघडतं. माझं मत, पीईसीपेक्षा गायड कॅमेरा घ्या.

ध्रुवदर्शक

गायडिंग हवंच, पण पीईसी अगदी टाकाऊ नाही. सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि एक हॉल सेन्सर. ५९८ चा मोठा भाग पीईसीने काढला की गायडरला थोडंच उरतं.

मोटरची घरघर: २ अंश/सेकंदाला मोटर मिनिटाला १४४ फेरे घेते. १२ व्होल्टवर एवढ्या वेगाला टॉर्क पडतो. बोर्ड आणि त्यावरचे कपॅसिटर २४ व्होल्टचे असतील तर पुरवठा वाढवा, नाहीतर वेग १.५ वर आणा. पण आधी वीज बंद करून पट्टा काढा आणि वर्म हाताने पूर्ण चाकभर फिरवा. कुठे जड लागतो? एकाच जागी लागला तर वर्म-चाकाची मांडणी घट्ट आहे, सगळीकडे लागला तर मूळचं चिकट ग्रीस. ते केरोसीनने धुऊन लिथियम ग्रीस लावा. पट्टा बोटाने दाबल्यावर किंचित झुकला पाहिजे, तारेसारखा ताणू नका.

वीज चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका, ड्रायव्हर जातो.

मृगशीर्ष_१५०

ऑफसेटमध्ये −०५:०० होतं. दुरुस्त केल्यावर पहिल्याच गोटूत रोहिणी फाइंडरमध्ये (छोट्या शोधक दुर्बिणीत) आली. व्याध आरएच्याच बटणांनी मध्यात येतो. पत्रा पुढच्या रिंगेखाली घालायचा की मागच्या?

वर्मव्हील

कुठल्याही एका रिंगेखाली घाला आणि रोहिणी-व्याध पुन्हा करा. चूक एका अंशाकडे गेली तर तोच पत्रा दुसऱ्या रिंगेखाली. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, त्याच्या नऊ पट्ट्या घ्या. पुठ्ठा नको, दव पडलं की फुगतो.