शब्दचर्चा: 'थ्रेड-सेफ सेट'ला मराठीत काय लिहायचं?

बीसीएसच्या पोरांसाठी जावाच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात. 'सेट'ला संच लिहिलं, ते शाळेच्या गणितातच येऊन गेलेलं असतं त्यामुळे लगेच बसतं, 'एलिमेंट'ला घटक, 'कलेक्शन'ला संग्रह. पण 'थ्रेड-सेफ'पाशी गाडी अडली (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं म्हणजे थ्रेड, आणि अनेक थ्रेडनी एकदम वापरलं तरी बिघडत नाही ते थ्रेड-सेफ). 'धागा-सुरक्षित संच' लिहून बघितलं तर विणकामाच्या क्लासची जाहिरात वाटतेय. कुणाकडे बरा शब्द आहे का? आणि अजून एक, कॉन्करंटहॅशमॅप (अनेक थ्रेडनी एकदम वापरायचा, की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा मॅप) आहे तसा कॉन्करंटहॅशसेट नावाचा क्लास जावात कुठेच सापडेना, तो का नाही?

प्रतिसाद

धागासुरक्षित, एकच शब्द, मधली रेघ काढून टाका. सवय झाली की हसू येणं बंद होतं, 'संगणक'लाही लोक आधी हसलेच होते.

प्रतिसाद

'धागा'बद्दल माझी तक्रार नाही, तक्रार 'सुरक्षित'बद्दल आहे. आपल्याकडे 'सेफ' पण सुरक्षित आणि 'सिक्युअर' पण सुरक्षित, त्यामुळे पोरं परीक्षेत बिनदिक्कत लिहितात की धागासुरक्षित संच म्हणजे हॅकरपासून सुरक्षित. इथे पासवर्ड, हॅकर वगैरेचा काही संबंधच नाही. 'निर्धोक' बघा, निर्धोक रस्ता म्हणतो तसा.

पण शब्द कुठलाही घ्या, आधी धोका नेमका कसला ते नोट्समध्ये आलं पाहिजे. साधा हॅशसेट आतून हॅशमॅपच असतो, आपला घटक तिथे 'की' (शोधायची किल्ली) म्हणून बसतो आणि व्हॅल्यूच्या जागी एक डमी ऑब्जेक्ट. ॲड केलं की हॅशवरून (घटकावरून काढलेल्या आकड्यावरून) कप्पा ठरतो, कप्पा रिकामा असेल तर नोड (घटकाची नोंद) ठेवला, झालं. आता दोन थ्रेड एकाच क्षणी त्याच कप्प्यात डोकावले, दोघांनाही तो रिकामा दिसला, पहिल्याने नोड ठेवला आणि दुसऱ्याने त्यावरच आपला ठेवला. पहिल्याचा घटक गेला, पण त्याच्या ॲडने 'ट्रू' दिलेलं आहे! ना एरर, ना लॉगमध्ये काही. साइझचा आकडाही चुकू शकतो, कारण एकने वाढवणं हे दिसायला एक काम असलं तरी आत वाच, वाढव, लिही अशी तीन कामं आहेत. जावा ७ पर्यंत तर दोन थ्रेडनी एकदम टेबल वाढवायला घेतलं की कप्प्यातल्या साखळीची गाठ स्वतःलाच बसायची आणि मग साधं गेट करणारा थ्रेडसुद्धा गोल फिरत राहायचा, सीपीयू शंभर टक्के. जावा ८ मध्ये ती रचना बदलली म्हणून हॅशसेट निर्धोक झाला असं मात्र समजू नका, घटक हरवणं आजही तसंच आहे.

प्रतिसाद

कॉन्करंटहॅशसेटचं उत्तर: क्लास नाही, सोय आहे. जावा ५ मध्ये (२००४) डग ली यांच्या पुढाकाराने कॉन्करंट पॅकेज आलं, त्यात कॉन्करंटहॅशमॅप होता. सेट हवा तर जावा ६ पासून कलेक्शन्सची न्यूसेटफ्रॉममॅप ही मेथड, आणि जावा ८ पासून (२०१४) सरळ कॉन्करंटहॅशमॅप.न्यूकीसेट(). हॅशसेट जर हॅशमॅपवरच उभा आहे तर मॅपची कीजची बाजू सेट म्हणून हातात दिली की काम झालं. फक्त यात नल (रिकामी किंमत) चालत नाही, हॅशसेटमध्ये चालतो, जुना कोड बदलताना तिथे ठेच लागते.

प्रतिसाद

मग एवढी डोकेफोड कशाला, हॅशसेट एक्स्टेंड करायचा (त्याच्यावरून आपला क्लास काढायचा) आणि ॲड, रिमूव्ह, कंटेन्स सगळ्यांना सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) लावायचं. आमच्याकडे वर्षानुवर्षं असाच एक क्लास चालू आहे, कुणाची तक्रार नाही.

प्रतिसाद

तक्रार नाही कारण घटक आवाज न करता हरवतात, वर लिहिलंय बघा राव.

एक्स्टेंड केलं की वरून जे जे येतं ते सगळं तुमच्या गळ्यात. तुम्ही जावा ६ च्या काळात त्या वेळच्या झाडून सगळ्या मेथड सिंक्रोनाइज्ड केल्यात असं धरू. जावा ८ ने कलेक्शन इंटरफेसमध्येच रिमूव्हइफ नावाची डिफॉल्ट मेथड टाकली, ती तुमच्या क्लासमध्ये न विचारता आली, आणि ती लॉक न घेताच घटक काढत सुटते. तुमच्या कोडची एक ओळ न बदलता तुमचा सेट थ्रेड-सेफ राहिला नाही. म्हणून आत प्रायव्हेट सेट ठेवा, बाहेर लागतील तेवढ्याच चार मेथड दाखवा, इटरेटर (एकेक घटक फिरून बघायचं साधन) तर बाहेर देऊच नका, मागितला तर लॉक घेऊन कॉपी काढा आणि ती द्या. नाहीतर तयार कलेक्शन्स.सिंक्रोनाइज्डसेट वापरा, तो १९९८ पासून आहे आणि आत गुंडाळून ठेवायचं काम तोच करतो. पण त्याच्यावर फॉर लूप फिरवताना लॉक तुम्हालाच घ्यावं लागतं, त्याच सेट ऑब्जेक्टवर, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट दिलंय आणि ते कुणी वाचत नाही. मग कधीतरी कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन (फिरत असताना सेट बदलला असं सांगणारी एरर) येतं. ते आलं तर नशीब समजा, येईलच अशी हमी नाही.

आणि शब्दचर्चाच चाललीय तर, 'सिंक्रोनाइज्ड'ला कृपया 'समकालिक' लिहू नका. समकालिक म्हणजे एकाच वेळी, आणि इथे तर एका वेळी एकच, बाकीच्यांनी थांबायचं. बरोबर उलटा अर्थ जातो.

प्रतिसाद

'कॉन्करंट'ला समवर्ती आहेच की, पण 'समवर्ती सूची' म्हटलं की एमपीएससीवाल्यांना राज्यघटनेची सातवी अनुसूची आठवणार.

प्रतिसाद

निर्धोकवाला परत आलोय, मुख्य मुद्दा राहिला. लोक म्हणतात 'हा सेट थ्रेड-सेफ आहे', आणि खरा घोळ या वाक्यप्रयोगातच आहे. हमी एकेका मेथडची असते, तुम्ही दोन मेथड मिळून जे करता त्याची नाही. नाटकाच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर घ्या, विकलेल्या खुर्च्यांचा सेट आहे, अगदी न्यूकीसेटवाला. तुम्ही लिहिलं: कंटेन्सने विचार की जी-१२ विकली आहे का, नसेल तर ॲड कर आणि तिकीट छाप. दोन खिडक्या एकदम विचारतात, दोघींना 'नाही' मिळतं, दोघी ॲड करतात. सेटमध्ये जी-१२ एकदाच आहे, सेट शंभर टक्के बरोबर आहे, आणि तिकिटं मात्र दोन. तिसऱ्या घंटेला एकाच खुर्चीपाशी दोन काका.

यावर उपाय म्हणून लॉकही लागत नाही. ॲड स्वतःच बुलियन देतं, घटक नव्याने बसला तर ट्रू, आधीच असला तर फॉल्स. कंटेन्स काढून टाका, 'जर ॲड ट्रू आलं तर तिकीट छाप' एवढंच लिहा. विचारणं आणि ठेवणं एकाच झटक्यात होतं, मध्ये कुणाला शिरायला जागा नाही. आता शेजारच्या दोन खुर्च्या एकत्र द्यायच्या असतील तर ॲड एकट्याने पुरणार नाही, तिथे स्वतःचं लॉक आणि स्वतःचा क्लासच हवा.

म्हणून नोट्समध्ये 'निर्धोक संच' असं विशेषण चिकटवून सोडून देण्यापेक्षा 'या संचाचं ॲड अनेक थ्रेडमध्ये निर्धोक आहे' असं लिहा. लांबतं, पण पोरांना कळतं.

प्रतिसाद

मूळ प्रश्नवाला. थ्रेड थ्रेडच ठेवतो, सेफला निर्धोक घेतो, 'थ्रेड-निर्धोक'. सिंक्रोनाइज्डला 'एका वेळी एक' असं उलगडून लिहितो. कॉपीऑनराइटॲरेसेट पण घालावा का?

प्रतिसाद

दोन ओळीत घाला. प्रत्येक बदलाला आख्खा ॲरे नव्याने कॉपी होतो आणि शोधताना एकेक घटक तपासत जातो, म्हणजे लिस्टनरसारखे (काही घडलं की ज्यांना कळवायचं ते ऑब्जेक्ट) मोजके घटक असतील, वाचणारे भरपूर आणि बदल क्वचित, तिथेच. क्रमाने लागणार असतील तर कॉन्करंटस्किपलिस्टसेट.

प्रतिसाद

डॉटनेटवाल्यांतर्फे एक भर. आमच्याकडेही कॉन्करंट हॅशसेट नाही, लोक कॉन्करंटडिक्शनरी (आमचा मॅप) घेतात आणि व्हॅल्यूला एक बाइट ठेवून देतात. नवीन माणूस मात्र यादीत कॉन्करंटबॅग बघतो आणि तोच सेट समजून उचलतो. बॅगमध्ये तोच घटक दहादा टाकला तर दहादा राहतो. त्यामुळे पुढेमागे सी शार्पच्या नोट्स काढल्यात तर बॅगला संच लिहू नका आणि पिशवी तर नकोच, गणितातल्या मल्टिसेटसारखं 'बहुसंच' लिहा.