शब्दचर्चा: 'विकारविलसित'मधला विकार म्हणजे आजारच का?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून विचारतेय. आमचा ग्रुप यंदा देवळाच्या उत्सवात शेक्सपिअरचं हॅम्लेट करतोय, मराठीत, थोडं छोटं करून. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं भाषांतर छापलं त्याचं नाव 'विकारविलसित', तेच नाव घ्यायचं ठरलं आणि माहितीपत्रकात एकाने खाली लिहिलं, 'एका मनोरुग्ण राजपुत्राची शोकांतिका'. मला ते खटकतंय पण का ते नीट सांगता येईना, कारण विकार म्हणजे आजारच ना, हृदयविकार, त्वचाविकार म्हणतो तसा? आणि विलसित म्हणजे नेमकं काय?

*

ताई, खटकतंय ते बरोबरच आहे, ती ओळ आधी काढा. विकार म्हणजे आजार हा अर्थ दवाखान्यांच्या पाट्यांनी आपल्या डोक्यात घट्ट बसवलाय, मूळ अर्थ आहे बदल, रूप पालटणं. शास्त्रात नेहमीचं उदाहरण दुधाचं दही, दही हा दुधाचा विकार, म्हणून काही तो दुधाचा आजार नव्हे. तसंच मनाचं रूप काम, क्रोध, मत्सर, शोक यांनी पालटतं म्हणून तेही विकार. कुमारसंभवात कालिदास म्हणतो 'विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः', म्हणजे मन ढळायचं कारण समोर असताना ज्यांचं मन ढळत नाही तेच धीर, आणि तिथे शंकरासमोर पार्वती आहे, औषधपाण्याचा काही संबंध नाही. हा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातही जिवंत आहे, 'तो निर्विकार चेहऱ्याने ऐकत होता' म्हणतो तेव्हा त्याची तब्येत चांगली होती असं कोणाला सुचवायचं नसतं.

विलसित म्हणजे खेळ, लीला, झळकणं. संस्कृतात विधिविलसित म्हणतात, नशिबाचा खेळ. त्याच्या शेजारी विकारविलसित ठेवून बघा, मला तर हे नाव म्हणजेच नाटकावरची एक टीका वाटते, खेळ करणारा वर आकाशात नाही, आत आहे.

आता फ्रॉइड, मनोविश्लेषणाचा जनक. स्वप्नांवरच्या पुस्तकात, १९०० सालच्या, त्याने ईडिपस आणि हॅम्लेट शेजारी शेजारी ठेवले. ईडिपस म्हणजे जुन्या ग्रीक नाटकातला राजा, नकळत बापाला मारतो आणि आईशी लग्न करतो. लोक म्हणतात ईडिपस ही दैवाची शोकांतिका, फ्रॉइड म्हणतो दैव होतं म्हणून ते नाटक आपल्याला हलवत नाही, त्याच्या वाट्याला जे आलं ती इच्छा लहानपणी आपल्याही मनात होती म्हणून हलवतं. ईडिपसमध्ये ती उघड घडून जाते, हॅम्लेटमध्ये ती दबलेली राहते आणि फक्त हात कुठे अडतो त्यावरून कळते. कारण हॅम्लेट काही कच खाणारा माणूस नव्हे, पडद्याआड लपलेल्या पोलोनियसला, म्हणजे लेअर्टीसच्या बापाला, भोसकतो, सोबतच्या दोघा दरबाऱ्यांना मरणाच्या दारात पाठवून देतो, अडतो तो एकाच माणसापाशी, ज्याने बापाला मारून आईशेजारची जागा घेतली त्या काकापाशी, का तर काकाने जे केलं ते याच्याच मनात खोलवर होतं. फ्रॉइड त्याला हिस्टेरिक, म्हणजे मनोविकाराचा रोगी, म्हणतो खरा, पण ती इच्छा त्याच्या मते सगळ्यांचीच, मग एकट्या राजपुत्राला मनोरुग्ण म्हणून बाजूला कसं बसवणार? अख्खं नाटक या एका खुंटीवर टांगायला मी तयार नाही, पण विकार हा शब्द जुन्या अर्थाने घेतला तर फ्रॉइड जास्त नीट वाचता येतो एवढं मात्र नक्की.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वेगळं सांगतो. १८७२ च्या पुस्तकात त्याचं म्हणणं, हॅम्लेटने एकदा जगाच्या तळापर्यंत पाहिलं आणि त्या ज्ञानानेच त्याची कृती मारली, काही करायचं तर भ्रमाचा पडदा लागतो. तिथे विकारांचा खेळ नाहीच, किळस येऊन माणूस थांबलाय. त्या हॅम्लेटला आगरकरांचं नाव बसत नाही असं माझं मत.

*

पेडण्याहून. बाय, मध्येच बोलतो. आमच्याकडे जत्रेत अवसर येतो, भार येतो म्हणतात, तेव्हा माणूस स्वतः बोलत नाही, देव बोलतो. त्या राजपुत्रालाही बापाचं भूत दिसलं आणि मग तो बदलला. मग विकार म्हणजे भारच नव्हे काय?

*

काका, प्रश्न फार चांगला काढलात, पण मी फरक करीन. भार बाहेरून येतो नि उतरतो, आणि अंगात असताना काय बोललं याचा जाब त्या माणसाला कोणी विचारत नाही. विकार स्वतःच्याच मनाचा, त्याची जबाबदारी झटकता येत नाही. आणि गंमत नाही हं, हॅम्लेट स्वतः तुमचाच मुद्दा मांडतो. पाचव्या अंकात लेअर्टीसची माफी मागताना म्हणतो, तुझ्यावर अन्याय केला तो हॅम्लेटने नाही, हॅम्लेटच्या वेडाने, आणि ते वेड हॅम्लेटचंही शत्रू. लेअर्टीसचा बाप आणि बहीण दोघं गेलेत आणि समोरचा म्हणतोय मी नव्हतोच तो. प्रेक्षकाने हे मान्य करायचं की नाही तिथेच सगळं आहे, आणि 'मनोरुग्ण' छापलंत की तुम्ही ते नाटक सुरू व्हायच्या आधीच मान्य करून टाकता.

ताई, तालमीत प्रार्थनेचा प्रवेश कापू नका, छोटं करताना पहिली कात्री तिथेच लागते. हॅम्लेटचा काका प्रार्थनेला गुडघ्यावर, पाठ इकडे, हॅम्लेटची तलवार उपसलेली, आणि तो कारण देतो की आत्ता मारला तर स्वर्गात जाईल, नंतर पापात असताना मारू. कारण इतकं चोख आहे की संशयच यावा. नटाने तिथे वेडसर हातवारे केले तर प्रवेश गेला, अगदी शांतपणे, हिशोब मांडल्यासारखं म्हणू दे. लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाने १९५८-५९ च्या व्याख्यानांत हॅम्लेटला इच्छेची शोकांतिका म्हटलंय, तो दुसऱ्यांच्या वेळेवर जगतो, वार करतो तो स्वतःला विषारी तलवार लागल्यावर, आई गेल्यावर, हे नाटकाशी ताडून बघा, जुळतं.

*

धन्यवाद सर, काका. ओळ काढली. 'मनातल्या वादळांचा खेळ' असं टाकू का?

*

वादळ नको, वादळ परत बाहेरूनच येतं. 'विकारांचा खेळ' इतकंच ठेवा, कोणी अर्थ विचारला तर सांगा. आणि प्रूफ स्वतः बघा, छापखान्यात हमखास 'विलासित' करून ठेवतात.