मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये शेवाळ खाणारा कोणता मासा सोडू?

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रोज सकाळी टँकसमोर उभी राहते आणि चिडते. टँक खाऱ्या पाण्याचा, कोरलचा (प्रवाळाचा), ३ फुटी आहे, साधारण २०० लिटरचा, सुरू करून ८ महिने झाले. आत क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा. कोरलमध्ये झोअँथिड आणि एक हॅमर. रॉक कोरडा आणून टाकला होता. सुरुवातीला सगळ्यांकडे येतो तसा तपकिरी थर आला नि गेला. आता मात्र रॉकवर चक्क हिरवं गवत उगवलंय, बोटाच्या पेराएवढं लांब. झोअँथिडची एक अख्खी वसाहत त्याखाली मिटून बसली आहे. हॅमर अजून फुलतो, पण गवत त्याच्या बुंध्याशी पोचलंय.

जुन्या टूथब्रशने घासते, काच खरवडते, दर आठवड्याला १०% पाणी बदलते. आठ दिवसांत पुन्हा होतं तसं.

वाचून वाचून तीन नावं हाती लागली आहेत: येलो टँग, लॉनमोअर ब्लेनी आणि फॉक्सफेस. घरच्यांचं मत पिवळ्याला, कारण तो दिसायला छान. मला रूपाशी देणंघेणं नाही, गवत खाणारा हवाय आणि कोरलला तोंड न लावणारा हवाय. ज्यांनी पाळलेत त्यांनी सांगा, यातला कोणता?

भरतीओहोटी:
येलो टँग डोक्यातून काढून टाका. पूर्ण वाढला की २० सेंमीच्या घरात जातो आणि दिवसभर येरझाऱ्या घालणारा मासा आहे. ३ फुटांत दोनदा शेपटी हलवली की समोर काच. त्याला निदान ४ फूट लांबी हवी, जास्त असेल तर उत्तम. कोंडलेला टँग ताणाखाली राहतो, मग अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. त्यावरचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये घालता येत नाही, गोगलगायी आणि कोरल त्यानेच मरतात. मग एक मासा पकडायला अख्खा रॉक बाहेर काढावा लागतो. मी काढलाय. पुन्हा काढणार नाही.

नवा गडी:
इतका विचार कशाला? तो काच चाटणारा काळा सकर मासा टाका ना. माझ्या टाकीत एकच आहे, काच लख्ख असते.

भरतीओहोटी:
अहो, तो गोड्या पाण्यातला! खाऱ्या पाण्यात तो टिकणारच नाही.

नवा गडी:
अरेच्चा. माफी. धागा नीट वाचला नाही.

जुनी काच:
माशाचं नाव नंतर बघू, आधी शेवाळाचं नाव कळू दे. चिमटीत धरून ओढून बघा. मऊ, केसासारखं, सहज तुटून हातात येणारं असेल तर हेअर अल्गी. ते खाणारे बरेच आहेत. प्रत्येक काडीला पिसासारखे फाटे दिसले तर ब्रायॉप्सिस, आणि त्याला बहुतेक मासे तोंड लावत नाहीत. लालसर-जांभळी साय, जी पापुद्र्यासारखी उचलून येते, ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया. आणि तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले, असं काही असेल तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव). तिथे गोगलगायी सोडल्या तर त्याच मरायची भीती.

सोबत हेही लिहा: नायट्रेट किती, फॉस्फेट किती, लाइट किती तास, पाणी कुठलं वापरता.

धागाकर्ती:
लगेच बघितलं. मऊ आहे, केसासारखंच, फाटे नाहीत. शिवाय मागच्या बाजूला वाटाण्याएवढे हिरवे चकचकीत फुगेही सापडले, चार-पाच. नायट्रेट १०. फॉस्फेट ०.०५, म्हणजे ते तर चांगलंच आहे ना? लाइट ११ तास, कारण संध्याकाळी सगळे घरी असतात तेव्हा बघायला मिळावा म्हणून. पाणी आरओ-डीआयचं (मेंब्रेन आणि रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं), त्यामुळे पाण्याची काळजी नाही.

जुनी काच:
०.०५ आकड्यावर भुलू नका. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत, आणि पाण्यात उरलेलं तेवढं आहे. बाकीचं त्या गवताच्या पोटात गेलंय, ते टेस्ट किटला कुठून दिसणार? कोरडा रॉक स्वतःतलं फॉस्फेट महिनोन् महिने हळूहळू सोडत राहतो, ते वेगळंच.

म्हणून मासा हा उपाय मला अर्धाच वाटतो. माशाने गवत खाल्लं की ते टँकच्या बाहेर जात नाही, विष्ठा होऊन त्याच पाण्यात राहतं. वर माशाला खायला घालाल ते आणखी. तुम्ही ब्रशने घासून तुकडे नळीने ओढून बाहेर टाकता तेव्हाच खत खरं बाहेर जातं. घासताना पंप बंद ठेवता ना? नाहीतर तुकडे टँकभर पसरतात आणि आपणच लावणी केल्यासारखं होतं.

लाइट ८ तासांवर आणा. संध्याकाळी बघायचा असेल तर दुपारनंतर सुरू करा. आणि “पाण्याची काळजी नाही” हे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून म्हणताय की विश्वासाने?

धागाकर्ती:
विश्वासाने 🙈 मीटर नाही. ओळखीत एकाकडे आहे, मागते. आणि पंप चालू ठेवूनच घासत होते. लावणी झाली म्हणायची.

खाजणातला खेकडा:
जुनी काच यांचं सगळं मान्य, पण माशांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. रीफवर शेवाळ आटोक्यात राहतं ते चरणाऱ्यांमुळेच. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये लांब काट्यांचे काळे सी अर्चिन रोगाने ९०% हून जास्त मेले आणि कित्येक प्रवाळ खडकांवर शेवाळ माजलं. चरणारा गेला की काय होतं ते त्यात दिसतं. तेव्हा चरणारे हवेत, फक्त ते मासेच असले पाहिजेत असं नाही.

फॉक्सफेसबद्दल: खादाड, शांत, हिरवे फुगेही बऱ्याचदा खातो. पण वाढून २४ सेंमीपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या टँकला तोही मोठाच. पाठीच्या काट्यांत विष असतं. टँकमध्ये हात घालताना तो कुठे आहे ते बघूनच घालायचा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, त्या विषाला उष्णता सोसत नाही. आणि डॉक्टर गाठायचा. भूक भागली नाही तर कोरलकडेही वळतो.

राहिला लॉनमोअर ब्लेनी. १२-१४ सेंमी, अंग ठिपक्याठिपक्यांचं, मातकट, डोळ्यांवर पापण्यांसारखे तुरे, चेहरा कायम रुसलेल्या माणसाचा. पोहतो कमी, बसतो जास्त, म्हणून ३ फुटांत भागतं. काचेवर तोंडाचे ठसे उमटवत जातो, लहान मुलाने काचेला ओठ लावावेत तसे. या तिघांत तुमच्यासाठी हाच. मात्र लांब वाढलेलं गवत तो कापून देईल ही आशा ठेवू नका. आखूड, कोवळं शेवाळ आणि काचेवरचा थर हे त्याचं खरं खाणं.

भरतीओहोटी:
ब्लेनीला माझा अर्धाच होकार. माझ्याकडच्याने ट्रिडॅक्ना शिंपल्याच्या कडा कुरतडल्या होत्या. आणि टँक स्वच्छ झाल्यावर तो तीन महिन्यांत खंगला, पोट पाठीला लागलं, कोरडं खाणं त्याने शेवटपर्यंत चाखलं नाही. शेवाळ संपल्यावर हा काय खाणार, याचं उत्तर असल्याशिवाय आणू नका. सगळेच ब्लेनी असे हट्टी नसतात, हेही खरं.

कोणीतरी कोले किंवा टोमिनी टँग सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. त्यांचे दात बारीक कुंचल्यासारखे असतात, त्याने ते रॉकवरचा पातळ थर आणि कचरा टिपतात. लांब गवत त्यांचं खाणंच नाही. आणि लहान जातीचे म्हणवले तरी तेही १५ सेंमीचे होतात.

शंखशिंपला:
मी माशांपेक्षा गोगलगायींच्या बाजूची. लांब गवतासाठी टर्बो: बैलासारखी चरते आणि बैलासारखीच वाटेतलं सगळं पाडते, तेव्हा कोरलचे तुकडे आधी गोंदाने पक्के करा. काचेसाठी ट्रोकस. ती उलटी पडली तर स्वतः सुलटी होते, अॅस्ट्रियाला ते सहसा जमत नाही. पाठीवर पडून राहते आणि मरते. तुमच्या मापाला २ टर्बो, ६-७ ट्रोकस, बास. सगळं एकदम भरलंत तर गवत संपल्यावर उपाशी मरतील आणि मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा खतच.

फुगे (तेही शेवाळच, बबल अल्गी) मात्र हाताने काढा, बुडासकट, न फोडता, जमलं तर टँकबाहेर. नंतर एक एमराल्ड खेकडा ठेवता येईल. तोही पोटभर मिळालं नाही तर इकडेतिकडे तोंड मारतो, पण फुग्यांवर चांगला.

धागाकर्ती:
मीटर मिळाला. पाण्याचा टीडीएस ४१ आला! शून्य यायला हवा होता ना? मग फिल्टर उघडून बघितला. डीआयचं निळं रेझिन पार तपकिरी झालंय, कधीपासून कोण जाणे. म्हणजे दर आठवड्याला “पाणी बदलते” म्हणून मी गवताला खतपाणी घालत होते. हसू की रडू कळत नाही.

सध्या मासा रद्द. रेझिन आणि मेंब्रेन बदलते, लाइट ८ तास, पंप बंद करून घासणं, आणि ताईंनी सांगितल्या तेवढ्या गोगलगायी.

जुनी काच:
उत्तम. फक्त घाईने फॉस्फेट शोषणारी औषधं ओतू नका. एकदम शून्यावर आलं तर कोरल फिके पडतात आणि तो डायनो नावाचा पाहुणा नेमका अशाच वेळी येतो. हळूहळू उतरू दे.

धागाकर्ती (सात आठवड्यांनी):
मंडळी, धागा वर काढतेय. टीडीएस ०. पहिले तीन आठवडे काही फरक नव्हता, उलट झोअँथिडचा एक कोपरा गेलाच. चौथ्या आठवड्यात गवत फिकट पडायला लागलं, ब्रश लावला की मुळासकट निघायचं. आता मागच्या रॉकवर थोडं आहे, पुढे दिसत नाही. टर्बोने हॅमर दोनदा पाडला (गोंद लावला नव्हता, सांगितलं होतं, मान्य).

आणि हो, ब्लेनी आणलाच. काचेवर रोज पातळ थर येतो, तो गोगलगायींना पुरून उरत होता. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवला, तिथे रोज एक शेवाळ धरलेला दगड देत होते. चार दिवसांपूर्वी मोठ्या टँकमध्ये सोडला. पंपावर बसून सगळ्यांकडे तुच्छतेने बघतो. काचेवर ठसे दिसतात, म्हणजे चरतोय. पण क्लिपला नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) लावली तर ढुंकून बघत नाही. भरतीओहोटींचं वाचल्यापासून धास्ती आहे. काय करू?

खाजणातला खेकडा:
क्लिप काढा. हा वर येऊन पाण्यात तरंगतं काही खाणारा नाही, बसल्या जागी खरवडून खाणारा आहे. बिनमसाल्याची नोरी त्याच ओबडधोबड दगडाला रबरबँडने घट्ट बांधा आणि दगड तो बसतो त्याच्या जवळ ठेवा. रात्री उरलेली काढून टाका.

भरतीओहोटी:
आणि वरून नाही, बाजूने बघत जा. डोक्यामागे पोट भरलेलं आहे की आत गेलंय ते रोज पाहायचं. मला ते उशिरा दिसलं होतं.

धागाकर्ती:
दगडाला बांधली. दोन तास नुसता बघत होता. आत्ता एक कोपरा गायब आहे, पण तो त्याने खाल्ला की टर्बोने, ते उद्या कळेल.